जुनी ट्रॅव्हलर घेऊन कॅम्परव्हॅन करायचीय, आरटीओ आणि इन्शुरन्सचं नक्की काय करावं लागतं?

पिंपरी_भटका:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण कृपया पूर्ण वाचा. घरात आम्ही पाच जण, आईबाबा, आम्ही दोघं आणि मुलगी. बाबांच्या गुडघ्यांमुळे हॉटेल शोधत फिरणं, जिने चढणं, अवेळी जेवण हे आता जमत नाही, म्हणून बरेच दिवस डोक्यात आहे की आपलीच एक गाडी असावी जिच्यात आडवं होता येईल, चहा टाकता येईल आणि मुख्य म्हणजे टॉयलेट असेल. ओळखीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे फोर्सची ट्रॅव्हलर विकायला आहे, ३३५० व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिमीमध्ये), पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट, इंजिन चांगलं आहे, मेकॅनिकला दाखवून आणलं.

भोसरीत एक फॅब्रिकेटर आहे त्याने सगळा प्लॅन काढून दिला: मागच्या सगळ्या सीट काढायच्या, बेड, छोटा ओटा, सिंक, १०० लिटरची पाण्याची टाकी, छपरावर सोलर, लिथियम बॅटरी, घरचाच गॅस सिलिंडर, आणि छप्पर कापून वर उचलणारा पॉप-अप भाग. काम त्याचं सुंदर आहे, दोन गाड्या बघून आलो. पण आरसीचं विचारलं की म्हणतो साहेब टेन्शन घेऊ नका, कोण बघतंय, आजपर्यंत कुणाला काही झालं नाही. हे ऐकून मला उलट जास्त काळजी वाटायला लागली कारण गाडीत आईबाबा आणि मुलगी झोपणार आहेत.

तर प्रश्न असे. आरटीओत काय आणि कधी करायचं? इन्शुरन्स कंपनीला सांगायचं का, आणि सांगितलं तर ते पॉलिसी नाकारतात का? गॅसचं काय? आणि चुलतभाऊ म्हणतोय की वीकेंडला भाड्याने दे, हप्ता निघेल, ते चालतं का? गाडीवर अजून आधीच्या मालकाचं लोन आहे, ते तो क्लिअर करून देणार आहे.

नाशिकची_विंगर:
दादा आधी एक सांगतो, फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स अजून दिला नसेल तर थांबा. कागद आधी, सुतारकाम नंतर.

आरटीओचं मूळ आहे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जे तपशील लिहिलेत त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. रंग बदलणं किंवा किरकोळ फिटिंग हा विषय नाही, पण बॉडीच्या रचनेत कंपनीच्या मंजूर स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही केलं तर आरटीओ तशी नोंदणी करू शकत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १८२ए कलम आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा.

आता तुमच्या प्लॅनमधली सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे पॉप-अप छप्पर. ते कापलं की गाडीची उंची बदलते, छपराची ताकद बदलते, आणि ट्रॅव्हलर उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारं तेच छप्पर असतं. माझं ऐकाल तर तो भाग प्लॅनमधून काढूनच टाका, ट्रॅव्हलरमध्ये तसंही आत बऱ्यापैकी वावरता येतं.

दुसरं सीट. कायमच्या काढल्या की आरसीवरची सीटिंग कपॅसिटी आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाही. नुसतं नट खोलून सीट घरी ठेवल्या तरी रस्त्यावर अडवलं की प्रश्न येतोच.

सरळ रस्ता असा आहे. आरटीओच्या वाहन प्रणालीत खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा क्लासच आहे आणि तो नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये (बिगर-व्यावसायिक गाड्यांत) मोडतो, म्हणजे कायद्याला कॅम्परव्हॅन माहितीच नाही असं अजिबात नाही. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ नावाचं स्टँडर्ड आहे आणि त्याप्रमाणे टेस्टिंग एजन्सीचं अप्रूव्हल असलेल्या बॉडी बिल्डरकडून गाडी बनली तर ती त्या क्लासमध्ये नोंदवता येते. टेस्टिंग एजन्सी तुमच्या दारातच आहेत, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आणि भोसरीतच सीआयआरटी. तुमच्या फॅब्रिकेटरला एकच विचारा, अप्रूव्हल सर्टिफिकेट आहे का आणि ते याच मॉडेलचं आणि याच व्हीलबेसचं आहे का. नसेल तर तो कितीही चांगला कारागीर असला तरी त्याच्याकडे फक्त काढता-घालता येण्यासारखं फर्निचर करून घ्या, बॉडीला हात लावू देऊ नका.

मी स्वतः विंगरला तेच केलंय. विंगर मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, तिला कुठेही कापणं मला पटलंच नाही.

ठाणे_टू_तारकर्ली:
एवढं कशाला करता राव, माझ्या मित्राने मारुती ईकोमध्ये बेड टाकलाय, पोलिसांनी विचारलं तर लगेज आहे म्हणून सांगतो. आजवर कोणी अडवलं नाही.

ॲडव्होकेट_कोल्हापूर:
ठाणेकर, ईकोत मागची सीट दुमडून त्यावर फळी टाकणं आणि ट्रॅव्हलरला सिंक, टाकी, वायरिंग बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं खरोखरच सामान आहे, संध्याकाळी घरी आल्यावर उतरवून ठेवता येतं, त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पोलिसाने अडवलं नाही हा निकष धरू नका. मी मोटार अपघाताच्या केसेस चालवते, आमच्याकडे गाडीची चौकशी होते ती अपघात झाल्यानंतर, आणि तेव्हा आरसी, पॉलिसी, फोटो सगळं टेबलावर येतं.

पिंपरीदादा, भाड्याचं आधी सांगते कारण घराघरात हाच सल्ला दिला जातो. खाजगी नोंदणीची गाडी पैसे घेऊन देणं म्हणजे परमिटशिवाय वापर. कलम १९२ए मध्ये पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खाजगी पॉलिसीवर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात भाड्याने देणं, शर्यत, मालवाहतूक हे वगळलेलं असतं. अपघात झालाच तर समोरच्या जखमी माणसाला कोर्ट उपाशी ठेवत नाही, बहुतेक वेळा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि मग ते तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं. ती रक्कम लाखांत असते आणि ती भरायला घर-जमीन काढावी लागलेली माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या स्वतःच्या गाडीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात, खाजगी गाडी भाड्याने वापरली गेली होती तरी क्लेम पूर्ण नाकारू नका, नॉन-स्टँडर्ड (अटींचा भंग झालेला) धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्या असं म्हटलंय. पण त्यासाठी आधी नकार पचवावा लागतो आणि मग वर्षानुवर्षं भांडावं लागतं.

सेल्फ-ड्राइव्ह म्हणून द्यायचं म्हटलं तर रेंट-अ-कॅबची १९८९ ची योजना किमान ५० गाड्यांच्या ताफ्याची अट घालते, एका गाडीवाल्यासाठी ती नाहीच. खरोखर धंदाच करायचा असेल तर महाराष्ट्राचं २०२१ चं कॅरव्हान पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, सवलतीही आहेत, पण मग गाडी ट्रान्सपोर्टमध्येच ठेवायची, परमिट, फिटनेस, व्यावसायिक पॉलिसी सगळं आलं. घरची गाडी आणि धंद्याची गाडी एकाच आरसीवर नाही बसत.

लोनचं: आरसीवर हायपोथेकेशनचा, म्हणजे कर्जाच्या बोज्याचा, शेरा असेपर्यंत एक स्क्रू सुद्धा लावू नका. हायर पर्चेसवरच्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही असं कलम ५२ मध्येच आहे, आणि फायनान्सवाल्याचे करारही सहसा तेच सांगतात. बँकेची एनओसी, आरसीवरून बोजा उतरवणं, परमिट सरेंडर, आणि मग तुमच्या नावावर ट्रान्सफर, या क्रमाने जा. परमिट मूळ मालकानेच सरेंडर करून द्यावं हे व्यवहाराच्या कागदात लिहून घ्या. त्यानंतर ट्रान्सपोर्टमधून नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये बदल, टॅक्सचा फरक, पांढरी पाटी.

सांगलीचे_सर्व्हेअर_काका:
मी आयुष्यभर मोटार क्लेमचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहे, म्हणून इन्शुरन्सचा भाग मी लिहितो.

मालकांना वाटतं की फुल इन्शुरन्स म्हणजे गाडीत जे जे आहे ते सगळं. तसं नसतं. आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी विम्याची रक्कम, ठरते ती कंपनीच्या यादीतल्या किमतीवरून घसारा वजा करून, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०, आणि पाच वर्षांच्या पुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. म्हणजे तुमची ट्रॅव्हलर समजा सहा लाखांना धरली आणि आत तुम्ही चार लाखांचं काम केलं, तर ते चार लाख पॉलिसीत कुठेच नाहीत. उद्या गाडी जळाली तर सर्व्हेअर ते चार लाख बघणारसुद्धा नाही.

ते आत आणायचा रस्ता आहे. कंपनीने बसवून न दिलेल्या वस्तू प्रपोजल फॉर्ममध्ये वेगळ्या लिहायच्या, इलेक्ट्रिकल वेगळ्या आणि नॉन-इलेक्ट्रिकल वेगळ्या, किमतीसकट, बिलं जोडून. इलेक्ट्रिकलसाठी आयएमटी २४ नावाचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) असतं, जुन्या टॅरिफमध्ये त्याला किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम होता आणि आजही बऱ्याच कंपन्या तोच धरतात. म्हणजे बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर, फ्रिज मिळून दीड लाखाचं असेल तर साधारण ६००० रुपये वर्षाला. फॅब्रिकेटरकडून जीएसटीचं बिल घ्याच, कच्च्या चिठ्ठीवर क्लेम मिळत नाही.

आता कंपनीला सांगायचं का, तर हो, काम चालू करायच्या आधी, आणि लेखी. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही. कंपनीच्या ईमेलवर लिहा: गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर, काय बसवणार, किती किमतीचं, आरटीओची स्थिती काय, वापर फक्त कुटुंबासाठी. काम झालं की आतून-बाहेरून फोटो आणि इन्स्पेक्शनची मागणी करा. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये ओटा, बेड, बॅटरी लिहून आली की उद्या कंपनीला हे आम्हाला माहीतच नव्हतं असं म्हणता येत नाही. एखादी कंपनी नाही म्हणेल, तर दुसरीकडे जा. नाही म्हणणारी कंपनी आज कळलेली बरी.

आगीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण गाडीत लहान मूल झोपणार आहे. पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट, स्वतःहून पेट घेणं हे कव्हर आहे. पण सर्व्हेअर आगीचा उगम शोधतो. उगम जर न कळवलेल्या वायरिंगमध्ये निघाला, फ्यूज नसलेली वायर सीटखालून ओढलेली सापडली, तर क्लेम तिथेच अडकतो. म्हणून बॅटरीच्या टर्मिनलपाशीच फ्यूज, योग्य जाडीची वायर, घरच्या २३० व्होल्टला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि इलेक्ट्रिशियनकडून सर्किटचं सही केलेलं ड्रॉइंग, हे क्लेमसाठी तर आहेच, पण त्याआधी तुमच्या माणसांसाठी आहे.

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नको, तो घरच्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो. शक्य असेल तर इंडक्शनच वापरा. गॅसच हवा असेल तर ५ किलोचा फ्री ट्रेडवाला (कनेक्शनशिवाय मिळणारा) छोटा सिलिंडर मिळतो, पण तो माणसं झोपतात त्या भागापासून बंद केलेल्या आणि खाली हवा जायला भोक असलेल्या कप्प्यात हवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला. आणि बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिटेक्टर लावा.

अजून एक. लॅपटॉप, कॅमेरा, कपडे हे मोटार पॉलिसीत येत नाहीत, त्यांना वेगळं कव्हर लागतं.

पिंपरी_भटका:
काका, ताई, नाशिककर, मनापासून आभार. कोणी एवढं सविस्तर लिहील असं वाटलं नव्हतं. फॅब्रिकेटरला फोन केला, अप्रूव्हल सर्टिफिकेट नाही असं तो सरळ म्हणाला, त्यामुळे छप्पर कापायचा विषय बंद. आता अजून दोन शंका. एक, माझ्याकडे साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स आहे, ते पुरेल का? दुसरं, सीट काही ठेवल्या आणि काही काढल्या तर?

नाशिकची_विंगर:
लायसन्सचं टेन्शन नाही. एलएमव्ही म्हणजे ७५०० किलोपर्यंत एकूण वजन, ट्रॅव्हलर त्याच्या आत आहे, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगून टाकलं की ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी पण एलएमव्हीवर चालवता येते. म्हणजे पाटी पिवळी असतानाही तुम्ही चालवू शकता.

सीट कमी करायच्या असतील तर आरटीओत अल्टरेशनचा अर्ज आधी करा, मोटार वाहन निरीक्षकाला गाडी दाखवा, आरसीवर कपॅसिटी बदलून घ्या. ज्या सीट ठेवाल त्या कंपनीच्या मूळ जागी, मूळ बोल्टवर आणि बेल्टसकट ठेवा. गाडी चालू असताना सगळे बेल्ट लावून सीटवर, बेडवर कोणी आडवं नाही, आजी नाही आणि नात तर नाहीच. अचानक ब्रेक लागला तर बेडवरचं माणूस थेट पुढच्या सीटवर जाऊन आदळतं.

वजन पण बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर प्लाय, बॅटरी, टॉयलेट. जमेल तिथे प्लायऐवजी ॲल्युमिनियम सेक्शन वापरा. काम झालं की टाकी भरून, सगळ्यांना बसवून वजनकाट्यावर घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा, पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वेगवेगळं घेता आलं तर उत्तम. सगळं सामान एका बाजूला गेलं की घाटात वळणावर गाडी झुकलेली कळते.

आणि खिडक्यांना काळी फिल्म लावू नका. काचेतून बाजूला किमान ५० टक्के आणि पुढे-मागे ७० टक्के उजेड जायला हवा असा नियम आहे, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिल्मवर बंदी घातली होती. चुंबकाचे किंवा बटणाचे पडदे करा, थांबल्यावर लावायचे आणि निघताना काढायचे.

लीड्सहून_अमोल:
इकडे इंग्लंडमध्ये व्हॅन स्वतः बदलून घ्यायची पद्धत जुनी आहे. काम झालं की डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या गाडी नोंदणीच्या खात्याला, फोटोसकट अर्ज करायचा, ते बॉडी टाइप मोटर कॅरव्हान करतात किंवा करत नाहीत. २०१९ पासून ते बाहेरून गाडी कॅम्पर दिसते का हेसुद्धा बघतात, बाजूच्या खिडक्या, ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छत), ग्राफिक्स वगैरे, त्यामुळे आतून पूर्ण घर केलेल्या बऱ्याच गाड्या कागदावर विंडो व्हॅनच राहतात. पण इन्शुरन्सवाले इथे अर्धवट बनलेल्या गाडीलाही पॉलिसी देतात, काम चालू असतानाची वेगळी आणि पूर्ण झाल्यावर फोटो पाठवून बदलायची. काकांनी लिहिलंय तेच इथेही, आधी कळवायचं आणि प्रत्येक बिल जपायचं. भारतात अशी टप्प्याटप्प्याची पॉलिसी आली तर किती लोकांचं काम सोपं होईल.

ॲडव्होकेट_कोल्हापूर:
अमोल, इथे तशी पॉलिसी नाही म्हणूनच काम चालू असतानाचा काळ धोक्याचा आहे. गाडी फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये महिना-दीड महिना उभी असते, वेल्डिंग चालतं, तिथे आग लागली तर जबाबदारी कोणाची हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. त्याच्या शेडचा स्वतःचा इन्शुरन्स आहे का ते विचारा आणि कॉपी मागा. ट्रायल म्हणून त्याचा पोरगा गाडी बाहेर काढणार असेल तर त्याचं लायसन्स बघा, कारण अपघात झाला तर नोटीस मालक म्हणून तुम्हालाच येते.

जुन्या मालकाची पॉलिसी गाडीबरोबर येते, थर्ड पार्टीचा भाग आपोआप तुमच्या नावावर आलेला मानतात, पण गाडी ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. नाहीतर तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम लटकतो. आणि ती पॉलिसी प्रवासी वाहनाची आहे, पांढरी पाटी झाली की क्लास बदलतो, तेव्हा पुन्हा कळवायचं. आरसीवर एक क्लास आणि पॉलिसीवर दुसरा क्लास ही भानगड मला फाइलमध्ये वारंवार दिसते.

क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. नकाराचं पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

पिंपरी_भटका:
आता क्रम असा ठरवला: बोजा उतरवणं, परमिट सरेंडर, ट्रान्सफर, पांढरी पाटी, मग सीटचा अर्ज, मग कंपनीला ईमेल, आणि त्यानंतर बोल्टवरचं फर्निचर. टॉयलेट कॅसेटवालं, उचलून बाहेर काढता येणारं. गॅस नाही, इंडक्शन. यात काही राहिलंय का काका?

सांगलीचे_सर्व्हेअर_काका:
क्रम बरोबर आहे. फक्त कंपनीला ईमेल सीटच्या अर्जाबरोबरच टाका, उत्तर यायला वेळ लागतो आणि उत्तर येईपर्यंत फर्निचर सुरू करू नका. फर्निचर बोल्टवर लावताना नवीन भोकं पाडू नका, सीटच्या मूळ अँकरेजचे पॉइंट वापरा, ते भार घेण्यासाठीच बनवलेले असतात आणि उद्या काढून पुन्हा सीट लावता येतात. एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर दोन घ्या, एक ड्रायव्हरजवळ आणि एक मागच्या दाराशी. मागचं दार आतून उघडतं का ते आजच बघा, आणि बेड असा लावा की त्या दारापर्यंत बाबांना गुडघे न वाकवता जाता येईल.